पडदेवाले पेंटरमामा आणि दंडकारण्यातला काजू

कुळागर

मंडळी, लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

गोव्यातल्या आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेची (भाविक उतरतात त्या इमारतीची) माडी गेल्या आठवड्यात रिकामी करायला घेतली, नवी फरशी बसवायची म्हणून. मोडक्या खुर्च्या, पालखीचा जुना दांडा, फुटकी समई हे सगळं निघालं आणि त्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेले, बांबूला गुंडाळलेले तीन पडदे. एकाचा उंदरांनी भुगा केला होता. दुसऱ्यात कधीतरी पाणी गेलेलं, उलगडायला गेलो तर रंगाची खपली हातात आली. तिसरा उलगडला. जंगलाचा पडदा, वीस फूट बाय बारा. सभामंडपात पसरला आणि आम्ही चौघे गप्प उभे राहिलो.

जत्रेची नाटकं पाहत वाढलेल्यांना सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो. आमच्याकडे जत्रा म्हणजे रात्री मराठी नाटक, ते गावातल्याच पोरांनी बसवलेलं. त्यासाठी पडद्यांचा एक ठरलेला संच लागायचा: राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी, आणि असलाच तर तुरुंग. एवढ्यात पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक सगळं भागायचं. हरिश्चंद्र आणि संभाजी एकाच राजवाड्यात राहायचे.

हे पडदे ज्यांनी रंगवले त्यांना आम्ही पेंटरमामा म्हणायचो. नाव मुद्दाम देत नाही, घरच्यांना अजून विचारलेलं नाही. जाऊन वीसेक वर्षं झाली. शिक्षण मराठी तिसरी. दिवसा गवंड्याच्या हाताखाली चिरे लावायचे, श्रावण लागला की चित्रशाळेत गणपतींना रंग, आणि दिवाळीनंतर जत्रांचे दिवस आले की पडदे. चित्रकलेच्या शाळेची पायरी कधी चढले नाहीत.

आता पडद्याबद्दल. दंडकारण्याचा देखावा आहे. डावीकडे पर्णकुटी, मधून वाट, मागे निळे डोंगर. पण झाडं नीट पाहिली तर उजवीकडचं मोठं झाड काजूचं आहे! बोंडं लागलेली, लाल आणि पिवळी दोन्ही. रामाच्या वनवासात काजू. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं झाड मामांनी थेट त्रेतायुगात नेऊन लावलं. पर्णकुटीच्या बाजूला जी भिंत आहे ती चिऱ्यांचा गडगा आहे, आणि गडग्याच्या भेगेत पावसाळ्यात उगवतं ते नेचं. एकेक पान सुटं काढलंय. शेवटच्या रांगेत चटईवर बसलेल्याला हे दिसणं शक्यच नव्हतं. मग कोणासाठी काढलं?

मला एवढंच विचारायचं होतं की अशा माणसाला काय म्हणायचं. गावात 'पेंटर' म्हणायचे, म्हणजे नंबरप्लेट रंगवणारा आणि हे एकाच माळेत. आणि दुसरं, पडद्याचं आता काय करायचं? समितीत एकाने सुचवलं की डिजिटल फ्लेक्स मारून घेऊ, हा टाकून द्या.

नस्ती_उठाठेव

छान लिहिलंय. पण भावनेच्या भरात वाहू नये म्हणून विचारतो: ही लोककला कशी? वारली, मधुबनी यांना परंपरा आहे. नाटकाचे पडदे ही पारशी थिएटर आणि त्यांच्यामार्फत युरोपातून आलेली गोष्ट. तुमच्या मामांनी कुठल्या तरी कंपनीच्या पडद्याची नक्कल केली असणार, आणि बाकीचं कॅलेंडरवरून.

आबोली_७

उठाठेव, नावाला जागलात.

कुळागर

नक्कल केली असणारच, त्यात लाज कसली? मामा स्वतःच सांगायचे की लहानपणी एक नाटक कंपनी आली होती आणि ते पडद्याची दोरी धरायला बसले होते. नाटक पाहिलंच नाही, आतल्या बाजूने रात्रभर पडदे पाहिले. कापडाच्या मागून दिवा असला की कुठे रंग जाड, कुठे पातळ, सगळं दिसतं. त्यांची शाळा ती.

पण मग राजवाड्याच्या पडद्याचं काय? (हाच उंदरांनी खाल्ला, मला आठवणीतून सांगावं लागतंय.) त्या राजवाड्याला बलकांव (दारापुढची बसायची ओसरी) होता आणि खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. कुठल्या कंपनीकडे असा पडदा होता? मामांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात श्रीमंत घर भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं. राजा म्हटल्यावर तेच काढलं.

मांडवीकाठ

शाळा आणि पडदे यावरून एक आठवण करून देतो. बाबूराव पेंटर! कोल्हापूरचे, जन्म १८९०, मूळ आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे मावसभाऊ की चुलतभाऊ आनंदराव, दोघेही कुठल्या कला-विद्यालयात न जाता शिकले आणि नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नावारूपाला आले. 'पेंटर' हे त्यांचं आडनाव होऊन बसलं ते त्या पडद्यांमुळेच. आनंदराव १९१६ मध्ये गेले. पुढे बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये सैरंध्री आला. म्हणजे मराठी सिनेमाच्या मुळाशी एक पडदेवाला आहे. 'पेंटर' हा शब्द तेव्हा मानाचा होता. आपल्याकडे तो घसरत नंबरप्लेटपर्यंत आला.

घुमट

मी सहसा इथे फक्त वाचतो. पण हे वाचून राहवेना.

कुळागर, तुम्ही कोणाबद्दल लिहिताय ते मी ओळखलं. गडग्यातलं नेचं वाचल्यावर खात्रीच झाली. शाळेत असताना दोन हंगाम मी त्यांच्या हाताखाली होतो. कापडावर सूत मारायला त्यांच्याकडे जे पोर असायचं ते मीच.

पडदा कसा व्हायचा ते लिहून ठेवतो, नाहीतर माझ्याबरोबर जाईल.

कापड मांजरपाट. पट्ट्या शिवायच्या त्या आडव्या, उभ्या नाहीत. आडवा जोड कापडाच्या वजनाने ताणून बसतो, उभ्याला सुरकुती पडते आणि ती थेट रामाच्या तोंडामागे येते. शिवून झालं की सभामंडपात पसरायचं, कडेला खिळे, आणि वरून सरसाच्या (जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाच्या) पाण्याचा हात. सरस आदल्या रात्री भिजत घालायचा, दुसऱ्या दिवशी वितळवायचा, पण थेट आचेवर कधीच नाही. मोठ्या टोपात पाणी आणि त्यात सरसाचा डबा. थेट ठेवला की जळतो आणि मग जो वास सुटतो त्याने देवळात भटजी सुद्धा उभे राहत नसत. माझ्या हातून एकदा जळला होता. मामा काही बोलले नाहीत, जेवायच्या वेळी फक्त म्हणाले, "आज तुका वेगळें ताट."

मग सूत. दोरीला काव (तांबडी माती) लावायची, दोन टोकांना दोघांनी धरायची आणि मध्ये चिमटीत उचलून सोडायची. फट्! लाल रेघ उमटते. चिरे लावताना गवंडी मारतात तीच पद्धत. राजवाड्याच्या खांबांसाठी मामा कापडाच्या मध्यावर एक खिळा ठोकायचे आणि सगळ्या दोऱ्या त्या खिळ्यातून ताणायचे. खांब मागे मागे लहान होत जायचे. त्या गोष्टीला शास्त्रात काय म्हणतात ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मामा तिला 'खिळो' म्हणायचे. "खिळो खंय?" एवढं विचारून कामाला लागायचे.

रंग म्हणजे पावडर, गरम सरसात कालवलेली. यातली खरी गोम अशी की हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की पाव हिश्श्याने फिका पडतो. नवखा माणूस इथेच फसतो. मामा प्रत्येक वाटीतला थेंब एका चिंधीवर लावून चुलीजवळ धरायचे आणि वाळल्यावर मगच ठरवायचे. सरस कमी पडला तर रंग हाताला लागतो. जास्त झाला तर गुंडाळताना तडकतो. किती घालायचा याचं माप विचारलं तर दोन बोटं एकमेकांना चिकटवून उघडून दाखवायचे. तेच माप.

आणि शेवटची गोष्ट. रंग दिवसा लावायचे, पण पास करायचे रात्री. कंदील आणि गॅसबत्ती घेऊन मंडपाच्या टोकाला जायचे, चटईवर बसायचे. कंदिलात निळा काळा दिसतो, हिरवा आणि निळा एक होतात. म्हणून त्यांचे डोंगर दिवसा पाहिले तर वेड्यासारखे भडक निळे आहेत. कुळागर, तुमच्या पडद्यावर आहेत ना तसे?

कुळागर

आहेत. मला वाटलं होतं रंगाचा अंदाज चुकला. आज रात्री कंदील लावून पाहतो.

आबोली_७

घुमट, 'काव' शब्द वाचून बरं वाटलं. आमच्या आजीच्या घराच्या भिंतीला खाली हातभर कावेचा पट्टा असायचा, वर पांढरा चुना. लोक याला साधी गोष्ट समजतात, पण आपल्या देवळांवरची कावी कला त्याच दोन रंगांची. मोरजीच्या मोरजाई देवळात, कोरगावच्या कमळेश्वरात पाहा. शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ असं कालवून आंबवायचं, कुटायचं, त्याचा गिलावा करायचा. वर कावेचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर लोखंडी काट्याने खरवडायचं. लाल खरवडलं की खालचा पांढरा दिसतो. म्हणजे चित्र रंग लावून नाही, रंग काढून होतं. चुकलं तर पुसता येत नाही. ती कोणी काढली? एका भिंतीवर नाव सापडत नाही. आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यातल्या कितीतरी भिंती पाडून वर टाइल्स बसल्या.

तुमच्या फ्लेक्सवाल्या सभासदाला हे वाचायला द्या.

सुशेगाद

आमच्याकडे चवथीला कागदाचा गणपती असतो. मूर्ती नाही, रंगवलेलं चित्र. १५६० ते १८१२ इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय) होतं त्या काळात मूर्ती घरात सापडली तर खैर नव्हती, म्हणून काही घराण्यांनी चित्र आणि पत्री पुजायला सुरुवात केली आणि नंतर तोच कुळाचार झाला. आमचा कागद जुना होऊन विरला तेव्हा आजोबांनी गावातल्या एका सुतारालाच नवा काढायला सांगितला. त्याने उपास धरून काढला. खाली सही करू का विचारलं तर आजोबा म्हणाले, देवाच्या पायाशी तुझं नाव कशाला. आता ते मला पटत नाही, पण तेव्हा सुताराला पटलं होतं.

नस्ती_उठाठेव

सगळं मान्य. घुमट यांचा प्रतिसाद तर जपून ठेवण्यासारखा. पण मूळ प्रश्न शिल्लक आहे. 'स्वयंशिक्षित' हा शब्द आपण फार सैल वापरतो. वारली चित्रकार जिव्या सोमा माशे घ्या. सगळे म्हणतात, स्वतः शिकले. लहानपणी आई गेली, मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत चित्रं काढू लागला, हे खरंच. पण वारली चौक (भिंतीवरचं लग्नाचं चौकोनी चित्र) लग्नात सवाशिणी काढत आल्या होत्या, ते त्यांच्या डोळ्यासमोर होतं. आणि सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन पाड्यावर पोचले नसते तर? १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री हे त्यानंतरचं. २०१८ मध्ये गेले तेव्हा जगभर नाव होतं.

कुळागर

यावर आपलं पहिल्यांदाच एकमत. शाळेत न गेलेला म्हणजे कोणाकडून न शिकलेला, असं नाही. मामा कंपनीच्या पडद्याकडून शिकले, गवंड्याच्या सुताकडून शिकले, आणि सगळ्यात जास्त त्या रात्रीच्या चटईकडून. मला चीड येते ती 'उपजत देणगी' या शब्दाची. देणगी म्हटलं की वीस वर्षं चिंध्या वाळवून पाहिल्याचा हिशेब द्यावा लागत नाही.

फरक एवढाच की माशे कागदावर आले आणि कागद प्रवास करतो. वीस फुटांचा पडदा माडीवर जातो.

दर्यादेगेर

कुळागर यांनी विपूमधून (खाजगी निरोपातून) या धाग्यावर ओढून आणलं. मी सध्या कॅनडात, हॅलिफॅक्सला. इथल्या आर्ट गॅलरी ऑफ नोव्हा स्कोशियामध्ये एक आख्खं घर आणून ठेवलंय. मॉड लुईस नावाच्या बाईचं. एका खोलीचं, साधारण साडेतेरा फूट बाय साडेबारा, वर एक माळा. वीज नाही, नळ नाही. नवरा मासे विकायचा. हिला लहानपणापासून संधिवात, बोटं वळलेली, हनुवटी छातीला टेकलेली. कुठे शिकली नाही. आधी नाताळची कार्डं रंगवून दारोदार विकायची, मग रस्त्यावर पाटी लावून दोन-तीन डॉलरला चित्र. घराचं दार, खिडक्यांच्या काचा, चूल, भाकरीचा डबा, जिना, सगळ्यावर फुलं आणि पक्षी काढून ठेवलेत. १९७० मध्ये गेली. २०२२ मध्ये तिचं एक चित्र साडेतीन लाख डॉलरला गेलं, आणि ते चित्र एका खानावळवाल्याने पूर्वी चीज सँडविचच्या बदल्यात घेतलं होतं!

मी त्या घरासमोर उभी होते आणि मला आमच्या शेजारच्या काकींची तुळस आठवली. दर दिवाळीला वृंदावनाच्या चारी बाजू नव्याने रंगवायच्या, मोर काढायच्या. गेल्या वर्षी गेले तर तिथे ग्रॅनाइटचं वृंदावन.

आणखी एक. मॉडच्या चित्रात हिवाळ्यातल्या बर्फात झाडांवर शरदातली लाल पानं असतात. इथली माणसं कौतुकाने दाखवतात. तुमच्या काजूवरून आठवलं.

घुमट

काजूबद्दल मी त्यांना विचारलं होतं. म्हटलं, मामा, रामाच्या वेळी काजू कुठे? म्हणाले, "राम चवदा वर्सां रानांत आसलो. कितें तरी खावंक जाय मरे." (काहीतरी खायला नको का!)

मांडवीकाठ

😀😀 संपला वाद.

शिंपलो

मी जुन्या कागद-कापडांच्या जतनाचं थोडं काम केलंय, म्हणून घाईने लिहितो, कारण कुळागर पडदा पुसायला घेतील ही भीती.

पुसू नका. ओलं फडकं तर मुळीच नको. सरसाचा रंग पाण्यात सुटतो, आज सुद्धा. घुमटांनी सांगितलंच की चिकटवणारी वस्तू फक्त सरस आहे. वरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने, कडेपासून, अगदी हलकी. घडी घालू नका. जाड, रुंद नळीवर गुंडाळा, बारीक बांबूवर नको. रंगाची बाजू बाहेर ठेवा, आत ठेवली तर रंग चेपून तडकतो. मध्ये आम्लरहित टिश्यू मिळाला तर उत्तम, नाहीतर धुतलेलं, बिनखळीचं सुती कापड. प्लास्टिक नको, आपल्या पावसात आत घाम धरतं आणि बुरशी येते. सरस म्हणजे बुरशीला आणि कसरीला मेजवानी. जमिनीवर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आणि फ्रेम, काच, लॅमिनेशन असलं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

सगळ्यात आधी फोटो. तुकड्या-तुकड्यांनी, समोरून आणि मागूनही. मागची बाजू लोक विसरतात.

सुशेगाद

तियात्रांचे (कोकणी नाटकांचे) पडदे पण असेच असायचे का? १८९२ पासूनची परंपरा ती.

घुमट

मामांनी एका फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) तियात्रासाठी पडदा केला होता. रस्त्याचा. आमच्याच जंगलातला काजू त्या रस्त्यावर पण होता.

कुळागर

उशीर झाला, क्षमस्व. मधे चवथ आली. तीन गोष्टी.

पहिली. कंदील लावून पाहिलं. विजेचे दिवे बंद केले, दाराकडच्या कोपऱ्यात चटई टाकून बसलो. डोंगर मागे गेले. दिवसा जे भडक निळे पुढे येऊन अंगावर बसत होते ते संध्याकाळच्या डोंगरांसारखे लांब जाऊन उभे राहिले, आणि काजूची पिवळी बोंडं जवळजवळ नाहीशी झाली. लाल तेवढी उरली. पिवळी कोणासाठी होती देव जाणे.

दुसरी. फ्लेक्सवाले सभासद तेव्हा बाजूलाच होते. ते म्हणाले, हा राहू दे, फ्लेक्स दुसऱ्या बाजूला लावू. याहून जास्त विजय मी अपेक्षित धरलेला नव्हता.

तिसरी. शिंपलो यांचं ऐकून मागची बाजू पाहिली. उजव्या खालच्या कोपऱ्यात कोळशाने लिहिलंय. सही नाही. हिशेब आहे. मांजरपाट, सरस, निळी पावडर, 'पोराक च्या' (घुमट, हा तुम्हीच असणार), आणि बेरीज. त्याखाली 'पावले' (म्हणजे मिळाले) म्हणून एक आकडा आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित: 'बाकी ३५'.

फोटो काढून देवस्थानच्या खजिनदारांना पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "पावती आहे?"

घुमट

पोर मीच. च्या मिळाला होता.